खुंटीवरची पोत

आमच्या दुकानात 'तुटलं' हा शब्द चालत नाही. मंगळसूत्राचा दोरा सुटलेला असतो, निम्मे मणी पलंगाखाली गेलेले असतात, उरलेले बाईने रुमालात बांधून आणलेले असतात. तरी ती म्हणते, "जरा वाढलंय." आम्हीही विचारतो, "कधी वाढलं?" नवीन माणूस ठेवताना मी पहिली परीक्षा हीच घेतो. त्याला शेजारी बसवतो आणि येईल त्या गिऱ्हाइकाशी बोलू देतो.

गेल्या वर्षी वर्ध्याकडचा एक जण आला होता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम केलेला, हात इतका हलका की मी मनातल्या मनात त्याला खुर्ची देऊनही टाकली होती. तेवढ्यात एक बाई आली. तिने रुमाल उघडला. हा पुढे वाकून म्हणाला, "हे तं पुरंच तुटलं ना जी. झालं काय असं घरी?"

बाईने रुमालाला गाठ मारली आणि तो पर्समध्ये परत ठेवला. "नंतर येते," म्हणाली. मी त्याला चहा पाजला आणि दोन दिवसांनी कळवतो म्हणून सांगितलं. तोही समजूतदार होता. म्हणाला, "काका, मोबाइलवाले तं सांगतात की कसा पडला."

मी कसबा पेठेत पटवेकरी आहे. सोनार दागिना घडवतो, आणि तो ओवून, गाठवून गळ्यात घालण्याजोगा करून देतो तो पटवेकरी. मंगळसूत्र, मोत्यांचे सर, चिंचपेटी, नथीचे मोती, सगळं येतं. वडील पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून काम करायचे, मी टेबलाला आकडा ठोकला आहे, एवढाच काय तो आमच्या धंद्यातला बदल. दुकान लहान आहे. पुढे काचेचं टेबल, काचेजवळ उजेडात एक खुर्ची, तिच्याशेजारी माझी. मागे पडदा, पडद्याआड आणखी एक बसायची जागा.

या कामात गिऱ्हाईक समोर बसून राहतं. अंगावरचं सोनं कुणी सोडून जात नाही, आणि जाऊही नये. मात्र तेवढा वेळ गळा मोकळा ठेवायचा नाही, अशी बायकांची रीत. म्हणून आरशाशेजारच्या खुंटीला काळ्या मण्यांच्या चार-पाच साध्या पोती टांगलेल्या असतात. बाई आली की आधी त्यातली एक गळ्यात घालते, मग स्वतःचं काढून माझ्यापुढे ठेवते. काम झालं की आपलं घालते आणि आमची पोत परत खुंटीला. ही पद्धत वडिलांच्या वेळेपासूनची. त्या पोतींकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. दुकानातला आरसा, पंखा, तशाच त्या.

माणूस ठेवताना काय बघता, असं मला लोक विचारतात. बोटं मी सगळ्यात शेवटी बघतो. बोटं सरावाने वळतात. तोंड आणि चेहरा वळत नाही. आमच्याकडे बाई येते आणि हळू आवाजात म्हणते, "यातले थोडे सोन्याचे मणी काढा, मध्ये काळे भरा. लांबी तेवढीच राहू द्या." ते काढलेले मणी कुठे जाणार, हे आम्हाला कळतं. कुणाच्या घरी काय चाललंय ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधी पटवेकऱ्याला समजतं. समजलं की ते गिळायचं, आणि समजलं आहे हे चेहऱ्यावरही येऊ द्यायचं नाही. असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. मला एकदाच मिळाला होता.

सुरेखाताई एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने आल्या. वारज्याला राहायच्या, यजमान कंपनीत होते, मुलगा कॉलेजात. घरी हौसेने मण्यांचे दागिने करायच्या. मी त्यांना नेहमीप्रमाणे शेजारी बसवलं. त्यांच्या नशिबाने म्हणा किंवा माझ्या, त्या दिवशी आलेलं काम सगळ्यात अवघड होतं.

एक आजी आल्या, बरोबर थोरली लेक. आजोबा महिन्यापूर्वी गेले होते. आजींना मंगळसूत्र सोडवून हवं होतं. सोन्याचे मणी दोघी मुलींना सारखे वाटायचे होते. अशी कामं मी पडद्यामागे नेऊन करायचो. पटकन कात्री लावायची, मणी पुडीत बांधायचे, मान वर न करता द्यायचे. मला भीती वाटायची. कशाची, ते सांगता आलं नसतं. मी उठलो तेवढ्यात सुरेखाताई म्हणाल्या, "मी करू का?"

त्यांनी ते मंगळसूत्र तिथेच, आजींसमोर, टेबलावर ठेवलं. "आजी, कुठून सोडवू?"

आजी म्हणाल्या, "वाट्यांकडून नको."

"बरं. मागून सोडवते. कुणी गाठवलं होतं हो हे? गाठ सुरेख आहे."

"ह्याच्याच बापाने," आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग लग्नात ते गाठवायला कोण आलं होतं, सासऱ्यांनी घासाघीस किती केली, असं सगळं निघालं. आजी बोलत होत्या आणि सुरेखाताई एकेक मणी सुटा करत होत्या. सोन्याचे दोन वाटे झाले. काळे मणी उरले. मी ते केरात टाकत असे. सुरेखाताईंनी त्यांची कागदात पुडी बांधली आणि आजींच्या हातात दिली. "सोनं मुलींचं. हे तुमचे."

आजींनी मूठ मिटली. जाताना पायरीवर थांबून मला म्हणाल्या, "हिला ठेव रे. तुझ्यापेक्षा बरी आहे."

अशी माझ्या दुकानातली नेमणूक गिऱ्हाइकाने केली.

त्यानंतरची वर्षं मला आता फार आठवतात. काचेजवळच्या खुर्चीवर सुरेखाताई, शेजारी मी. बायका आल्या की आधी बघायच्या, त्या आहेत ना. मी एकटा असलो तर "येते मंडईतून" म्हणून पुढे जायच्या. एकदा नवीन लग्न झालेली मुलगी आली होती, आयटीतली. तिला मंगळसूत्र असं हवं होतं की सणाला दिसलं पाहिजे आणि ऑफिसात शर्टाच्या आत गेलं पाहिजे. सुरेखाताई मापाचा दोरा तिच्या गळ्याशी धरून म्हणाल्या, "म्हणजे सासूला दिसेल आणि साहेबाला दिसणार नाही, असं ना? मान जरा खाली घ्या." ती मुलगी हसली, आणि पुढे तिच्या सगळ्या मैत्रिणी आमच्याकडे आल्या. "मान जरा खाली घ्या" हे इतक्या वेळा ऐकलं होतं की दुपारी डुलकी लागली तरी ते झोपेत ऐकू यायचं.

मग त्यांचे यजमान गेले. सकाळी चहा घेता घेता. मी भेटायला गेलो, दारातच उभा राहिलो. त्याच म्हणाल्या, "मी येईन हं दादा कामावर. थोडे दिवस द्या."

त्या आल्या. कपाळावर बारीक टिकली होती, गळा मोकळा होता. मी म्हटलं, "घाई नव्हती." त्या म्हणाल्या, "घरी बसून भिंतींशी काय बोलू?" आणि खुर्ची काचेजवळ ओढून बसल्या. मला बरं वाटलं. आपलं दुकान सुधारलेलं आहे, असा अभिमानही वाटला, तो का लपवू.

पण बायकांची नजर आधी त्यांच्या गळ्याकडे जायची. कुणी वाईट बोललं नाही. पुण्यात असं तोंडावर कुणी बोलत नाही. "आज जरा घाईत आहे," म्हणून पर्स बंद व्हायची. कुणी माझ्याच पुढ्यात मंगळसूत्र ठेवायचं. सुरेखाताई मोत्यांच्या कामाकडे वळायच्या आणि मी बघितलं नाही असं दाखवायचो. लग्नसराई तोंडावर होती.

एके सकाळी आमच्या नेहमीच्या एक काकू आल्या. मुलीचं लग्न ठरलेलं, वाट्या आणि मणी घेऊन आल्या होत्या. सुरेखाताईंना त्यांनी हाताला धरून "कशा आहात?" विचारलं, अगदी मनापासून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हे तुम्हीच ओवा बरं का. लग्नाचं आहे." मी "हो, हो" म्हटलं. काकू सामान ठेवून बाहेर फोनवर बोलायला गेल्या. त्यांच्या मागे आणखी एक जण पायरीवर होती.

मी उठलो. खुंटीवरची एक पोत काढली आणि सुरेखाताईंच्या टेबलावर, मण्यांच्या ताटलीशेजारी ठेवली. तोंडाने एक शब्द बोललो नाही. परत येऊन माझ्या जागी बसलो आणि दोऱ्याला मेण लावू लागलो.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं, ते मला आठवतं. त्यांना पडद्यामागे बसवण्यापेक्षा हे बरं, असं सांगितलं. खुर्ची तरी राहील त्यांची. नवीन गिऱ्हाइकाला काय कळतंय.

त्यांनी ती पोत उचलली. थोडा वेळ तळहातावर ठेवली. मग गळ्यात घातली. मागचा फास नीट बसेना, तेव्हा आरशात बघून सरकवला. पायरीवरची बाई आत आली, तिचं काम त्यांनी केलं. दिवसभर कामं केली. त्या दिवशी कुणीही पर्स बंद केली नाही. संध्याकाळी त्यांनी पोत काढून खुंटीला लावली, ताटली पुसली, "येते हं दादा" म्हणाल्या, रोज म्हणायच्या तसंच.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "पाय दुखतात हो. बसचं जमत नाही आता." मी म्हटलं, "काळजी घ्या." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते खरं धरलं.

त्यानंतर दारावर 'माणूस पाहिजे' ही पाटी लागली ती लागलीच. मोबाइलवाल्याच्या नंतर केतकी आली. दागिन्यांच्या डिझाइनचा कोर्स केलेली, हुशार, गोड बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "सर, आपलं पेज नाहीये? सीरियसली?" मी म्हटलं, पायरी आहे. तिने ते मनावर घेतलं. एका ताईंचं मंगळसूत्र आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा तिने फोनवर टिपलं, मागे गाणं लावलं आणि दुकानाचं पेज काढून त्यावर टाकलं. काम खरंच छान दिसत होतं. फक्त ते काम मणी कमी करण्याचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या ताईंचा फोन आला. आवाज शांत होता. "दादा, सासूबाईंनी फोनवर दोन बोटांनी मोठं करून मणी मोजले." मी माफी मागत राहिलो. त्या म्हणाल्या, "असू द्या," आणि फोन ठेवला. त्या घरात पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्या ताई पुन्हा आल्या नाहीत. केतकीने रडून सगळं काढून टाकलं आणि स्वतःच म्हणाली, "सर, मी उद्यापासून नाही येत." खरं तर तिचा दोष निम्माच होता. काय दाखवायचं नाही, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. शिकवायला लागतं, हेच मी विसरलो होतो. सुरेखाताईंना कुठे शिकवलं होतं?

आमची ही म्हणाली, "अहो, तुम्हाला माणूस नकोच आहे. तुम्हाला सुरेखाताई हव्यात. तशी पाटी लावा, म्हणजे लोकांची खेप वाचेल."

मग एक दिवस वारज्याची एक मुलगी मोत्यांचा सर घेऊन आली, आकडा बदलून घ्यायला. मी सर हातात घेतला आणि मोत्यामोत्यामधल्या गाठी बघून हात थांबला. गाठ कुणाची आहे ते आम्हाला कळतं, जसं तुम्हाला ओळखीचं अक्षर कळतं. "हा कुणी गाठवला?" मी विचारलं. "आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. घरीच करतात. खूप गर्दी असते त्यांच्याकडे."

रविवारी मी गेलो. दार सुरेखाताईंनीच उघडलं. केस पांढरे झाले होते.

"या दादा. बसने आलात का?"

"नाही, स्कूटरवर."

"मग पाय दुखले नसतील."

मी चप्पल काढून आत बसलो. खिडकीपाशी टेबल होतं, त्याला माझ्यासारखाच आकडा. त्या परत कामाला बसल्या.

"माणूस मिळत नाही का?"

"मिळतात. टिकत नाहीत."

"तुम्ही बघता काय त्यांच्यात?"

"तुम्ही जसं बसायचात, तसं."

त्यांनी सुईत दोरा ओवला. "तसं म्हणजे कसं? गळ्यात घालून की न घालता?"

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण दादा, तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत, ते मला जास्त लागलं. 'सुरेखाताई, धंदा बसतोय, घाला ही' असं म्हणाला असतात तर मी भांडले असते. भांडून कदाचित थांबलेही असते. आजींच्या वेळी मी तुमच्यासमोर ते सगळं उघड्यावर केलं, म्हणून तुम्ही मला ठेवलंत. आणि माझी वेळ आली तेव्हा गुपचूप आणून ठेवलंत पुढ्यात. जेवणात मीठ वाढावं तसं."

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी उठून चहा टाकला. आतून विचारलं, "ती पोत आहे का अजून?"

"आहे. पण त्या सगळ्या सारख्याच. त्यातली तुमची कुठली, आता ओळखू येत नाही."

"बायका घालतात?"

"रोज."

"कुणाला काही झालं?"

"नाही."

त्या हसल्या. भेटीतलं पहिलं हसू. कप माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "सांगितलंत कुणाला, की ही सुरेखाने घालून दिवस काढला होता? नवरा गेल्यावर?"

"नाही."

"मग सांगा. ज्यांनी ज्यांनी घातली त्यांना सांगा. जी त्यानंतरही पायरी चढून येईल, तिचं मी ओवीन. काचेजवळ बसून. तेव्हा बोलवा मला."

"येणार तुम्ही?"

"सांगून तर बघा."

मी परत आलो तेव्हा वाटलं होतं, उद्याच सांगू. दुसऱ्या दिवशी एक वहिनी आल्या. त्यांनी खुंटीवरची एक पोत काढून घातली, आरशात पाहिलं. मी सुरुवात केली, "वहिनी, ही पोत..."

"काय?"

"बरी दिसते तुम्हाला."

असं पुष्कळदा झालं. प्रत्येक वेळी समोर एक गळा असायचा, एक विश्वासाने टेकलेली बाई असायची, आणि माझं तोंड मिटायचं. ज्या गुणासाठी मी माणसं पारखत आलो, तोच मला आडवा आला. गिळायची सवय इतकी झाली होती की सांगण्यासारखं असलं तरी घशाखालीच जायचं. संध्याकाळी शटर ओढताना काचेजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचो. तिच्यावर मी अजून कुणाला नीट बसू दिलेलं नाही. उमेदवार आले की त्यांना स्टूल देतो.

यंदा या अंकाचे संपादक चष्म्याच्या दोरीला मणी लावून घ्यायला आले होते. म्हणाले, दुकानातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. मी आधी नको म्हटलं. मग लक्षात आलं, हा अंक पेठेत घरोघर जातो. माझी बरीच गिऱ्हाइकं तो वाचतात. समोर बसलेल्या एका बाईला मला सांगता येत नाही, पण सगळ्यांना एकदम कदाचित सांगता येईल.

तर माझ्या दुकानात येऊन ज्यांनी खुंटीवरची पोत घातली, त्या सगळ्या ताई, वहिनी, काकूंना मी सांगतो. त्यातली एक सुरेखाताईंनी घातली होती, यजमान गेल्यावर, दिवसभर. मी ती त्यांच्या पुढ्यात ठेवली होती, कारण मी तुमच्या नजरेला घाबरलो. तुमच्यापैकी बहुतेकींनी ती कधी ना कधी घातली आहे. तुमच्या मुलींची लग्नं झाली, नातवंडांची बारशी झाली, त्या बारशांचे पेढे मी खाल्ले आहेत. वाटलं तर या, वाटलं तर येऊ नका. पोती तिथेच आहेत, मी बदललेल्या नाहीत.

'माणूस पाहिजे' ही पाटी मी आज सकाळी उतरवली. काचेजवळची खुर्ची पुसून ठेवली आहे.

सुरेखाताई, सांगितलं.